बंद दारावरची पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे हं! ओकुनोसावा गावात या दारातून त्या दारात फिरणारी, वरच्या चिमट्यात कागद धरलेली लाकडी पाटी. कचेरीतून आलेला कागद वाचायचा, खाली आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि मला पुढच्या घरी स्वतःच्या हातानं पोचवायचं. एका घरी एकच रात्र मुक्काम. त्याहून जास्त अडले, की शेजाऱ्यानं जाऊन दार ठोठवायचं. गावाचा हा नेमच.

गावाला एकतीस उंबरे होते, तेव्हा एका फेरीला महिना लागायचा. कुणी माझ्यावर चहा सांडायचं, कुणी शेजारणीसाठी खारवलेला मुळा ठेवून द्यायचं. काय ती माझी ऐट! मग पोरं शहरात गेली, म्हातारी माणसं एकेक करून गेली. भाताच्या खाचरांत रानडुकरं लोळू लागली. उरली दोनच घरं. चढावर किनुएआजी आणि खाली ओढ्यापाशी मासुजीआजोबा.

दोघांची जुंपलेलीच असायची.

"वहिनी, शिक्का वाकडा मारलात."

"तुमची मानच वाकडी, भावजी! मुळा घ्या आणि चालू पडा."

गेल्या शरदात मी आजीकडं दोन रात्री अडकले. आजोबा तणतणत चढ चढून आले. "वहिनी, कागद तोंडपाठ करताय की काय?"

मग दार लोटून आत गेले. आजी न्हाणीघरात पडली होती, खुबा मोडला होता. जीव वाचला. पण मुलगा आला आणि तिला शहरात घेऊन गेला. निघताना तिनं आपला शिक्का माझ्या दोरीला बांधला.

"भावजी, माझ्या नावाचा आता तुम्हीच मारा. आणि सरळ मारा!"

आजोबांनी दोरीची गाठ घट्ट केली. गाडी वळणाआड गेली, तरी ते मला छातीशी धरून उभे होते. मला रडू येत होतं.

तेव्हापासून ते मला वर आणून तिच्या बंद दारावर टांगतात. "वहिनी, पाटी आणलीय हो," असं हाळी दिल्यासारखं म्हणतात. दुसऱ्या दिवशी येतात, तिचा शिक्का सरळ मारतात आणि मला घरी नेतात. वेडेपणाच म्हणायचा. पण त्या हाकेसाठी मी जीव टाकते.

या खेपेला मला टांगताना आजोबा फार खोकत होते. तेव्हापासून बर्फ पडतोय. त्यांची पावलं बुजून गेली. तीन रात्री झाल्या, ते आलेले नाहीत. काल त्यांच्या छपरावर थोडा धूर होता. आज तोही नाही.

मी अडकलेय, म्हणजे आता शेजाऱ्यानं जायला हवं. पण त्यांना शेजार उरलाय तो माझाच, आणि मला पाय नाहीत.

तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. पण खाली ओढ्यापाशी एकच घर आहे, चुकायचं नाही. तेवढं दार ठोठवा हो.