पोळ्यानंतरचा खुळखुळाट

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स मोटार आहे. रंग लाल, बैठक दोघांपुरती. सध्या माझ्यात कोंबड्या बसतात, त्यामुळे बैठकीबद्दल अधिक न बोललेलं बरं.

माझा जन्म विलायतेतला. १९५३ साली हिंगणघाटच्या वासुदेवरावांनी मला घेतलं. त्यांचा कापसाचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होता. जाम गावच्या सडकेवर मी सुटले की गाडीवान बैल थांबवून 'वा!' म्हणत, आणि मी उभी राहिले की माझ्या मडगार्डवर तंबाखू थुंकत. तिथल्या कौतुकाची रीतच ओली होती. शी!

मग पोळा आला. वासुदेवरावांच्या आत्या सुलोचनाबाई यांच्या मते घरात राबतं ते जनावर. आदल्या संध्याकाळी त्यांनी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं, तसंच माझ्या मडगार्डांनाही चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं मला रीतसर सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पुढच्या जाळीत पुरणपोळी कोंबली. मुंग्या आल्या. नंतर सुलोचनाबाई माझ्या मागे बराच वेळ वाकून काहीतरी करत होत्या. काय, ते दिसलं नाही; माझे दिवे पुढे आहेत.

त्यानंतर मी धावू लागले की आवाज येऊ लागला. खुळुक, खुळुक.

जिनाचा मिस्त्री प्रेमदास आला. मला उभी ठेवून त्यानं इंजिन चालू केलं आणि कान लावला. आवाज नाही. चालवलं, की खुळुक. थांबवलं, की गप्प.

"मालक, इंजिन लबाड हाये. म्या कान लावला का चूप बसते."

आवाज धावतानाच येतो, तर चाकांकडे बघावं, एवढं मला कळत होतं. पण मला तोंड नव्हतं. प्रेमदासला होतं, पण त्यात पान होतं. ते त्यानं माझ्या टायरवर रिकामं केलं आणि पाना उचलला.

"कायचा आवाज शोधून राह्यले रे?" सुलोचनाबाईंनी ओसरीवरून विचारलं.

"आत्याबाई, हे मोटारीचं काम हाये. तुम्हाले नाई समजत," वासुदेवराव म्हणाले.

"बरं बाप्पा." त्या पुन्हा वाती वळू लागल्या.

वासुदेवराव वैतागले होते. "प्रेमदास, संध्याकाळपर्यंत आवाज गेला नाई, तर इंजिन काढून विहिरीवर लाव. वांग्याईले पाणी तरी भेटन."

वांग्यांना! माझं इंजिन!

संध्याकाळ झाली. आवाज होताच. इंजिन निघालं. उरलेल्या मला गोठ्यात न्यायला बैल जुंपले. बैलांनी पाऊल टाकलं, आणि... खुळुक.

प्रेमदासनं रिकाम्या बॉनेटला कान लावला.

"अरे, ते घुंगरमाळ होय," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पोळ्याले बैलाईले बांधली, मंग इले काऊन नाई?"

"मंग सांगतलं काऊन नाई, आत्याबाई?" वासुदेवरावांनी विचारलं.

"मोटारीचं काम होतं बाप्पा. मले काय समजते?"

प्रेमदास आयुष्यात प्रथमच माझ्याखाली वाकला. मागच्या आसाला, चिखलानं लिंपलेली, घुंगरमाळ होती.

इंजिन परत बसवण्याची खटपट पुष्कळ झाली. पण प्रेमदासची विद्या काढण्यापर्यंतच होती. शेवटी वांगी जिंकली.

मित्रांनो, यंत्र कुरकुरलं तर आधी वाकून बघा, घरात विचारा, मग पाना उचला. थुंकायचं असेल तर लांब जा.

सुलोचनाबाई तेवढ्या मला विसरल्या नाहीत. दर पोळ्याला कोंबड्या हुसकून माझ्या मडगार्डांना हळद-तूप चोळतात आणि म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

येईन हो. पण कशानं?