नी, रे, म, ध

"काळी नाई, पांढरी. आंधळी हायस का?" देवमननं खेकसत उजव्या हातानं शकुनचं बोट झटकलं.

दोघं नवराबायको कीबोर्डपुढं एकाच बाकड्यावर बसली होती. देवमननं उभी हयात अकोल्याच्या ऑर्केस्ट्रात काढली. लकव्यानं डावा हात गेला, तेव्हा त्या हाताच्या जागी बसवायला घरात बायकोशिवाय कोणी नव्हतं. शकुन जठारपेठेत भाजी विकायची. संसार झाला एवढा, पण त्यानं तिला या कीबोर्डावरची धूळही कधी पुसू दिली नव्हती.

"हाफ डिमिनिश्ड कॉर्ड म्हंतेत याले. नी, रे, म, ध. धैवत काळीवर गेला का पुरा रडते. आपल्याले पुरा नाई रडवाचा. अर्धाच."

तिनं चारही पांढऱ्या पट्ट्या एकदम दाबल्या. बोलता बोलता कोणी आवंढा गिळावा, तसा आवाज निघाला. तिला तो आवडला. देवमनला तिनं तसं सांगितलं नाही.

आठवड्याभरानं ऑर्केस्ट्राचा मालक चंद्रभान आला. तेल्हाऱ्याच्या लग्नात देवमनला घ्यायचं की अमरावतीचा दुसरा वादक बघायचा, हे त्याला ठरवायचं होतं. शकुननं चहा दिला आणि देवमनच्या डाव्या बाजूला बसली. त्याच्या उजव्या हातानं चाल धरली, तिच्या डाव्या हातानं कॉर्ड भरले. चंद्रभान मान डोलवायला लागला.

"वयनी, हात तं लय साफ बसून राह्यला तुमचा."

"तिले काय समजते?" वाजवता वाजवताच देवमन हसला. "भाजी तोलनारी बाई. मी सांगतो तेथी बोट ठेवते. माकडाले शिकवलं असतं तं हिच्या आंधी शिकलं असतं."

शकुनची बोटं नी, रे, म, ध वर टेकली होती. तिनं ती उचलली आणि हात मांडीत घेतला.

चाल थोडी एकटीच पुढं गेली, लंगडली, थांबली.

"दाब," देवमन दबक्या आवाजात म्हणाला. "दाब ना वं."

"माकडाले बोलवा."

चंद्रभाननं अर्धा कप खाली ठेवला. "तेल्हाऱ्याले मी दुसरा पाह्यतो, दादा. तुमी तब्येत सांभाळा."

त्याची गाडी गल्लीबाहेर गेल्यावर देवमन म्हणाला, "जलमभराचं वैर काढलंस."

"म्या फकत हात उचलला."

तो तिरमिरीत उठायला गेला. तोल गेला, निर्जीव डावा हात पट्ट्यांवर आदळला आणि खर्जातले सूर एकमेकांत अडकून घोंघावत राहिले. त्याला हात उचलता येईना. तिला उचल म्हणायला तोंडही उघडेना.

शकुननं जरा वेळ ऐकलं. मग मनगटाला धरून तो हात उचलला, त्याच्या मांडीवर ठेवला, बटण बंद केलं आणि बाजारातून उरून आलेली मेथी निवडायला बसली.