खांबाला टेकवलेला फोन

दोन हजार अठरा साल होतं. न्यूझीलंडच्या उत्तरेला, भर समुद्रातल्या सावाई बेटावर तेव्हा जुन्या घरांना भिंती नव्हत्या. नुसते खांब आणि वर छप्पर. रस्त्याने जाणाऱ्याने आत बघायचं नाही, एवढीच काय ती भिंत. तिच्या आडोशाने माणसं निर्धास्त बाळंत झाली, भांडली, मेली.

फुआतिनोच्या फोनला ही रीत कोण शिकवणार? ती चटया विणायची, चुलीपाशी बसायची, ते सगळं लाइव्ह. ऑकलंड-सिडनीत गेलेली आपली माणसं ते बघून डोळे पुसायची. बघणारे चाळीस हजारांवर गेले.

"चाळीस हजार पाहुणे, आणि कपभर कोको एकालाही विचारत नाहीस!" नवरा विली चिडवायचा.

फुआतिनोची आई लागी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, मागच्या कोपऱ्यात चादरीआड. तिचं एकच मागणं होतं. "तुझं काय दाखवायचं ते दाखव, पोरी. मला नको. मला कुणी न बघता जाऊ दे."

"शपथ, आई."

संध्याकाळी शंख वाजला की सगळं गाव घरात बसून प्रार्थना करायचं. तेव्हा रस्त्यावर दिसेल त्याला पंचांचा दंड. परदेशातल्या लोकांना नेमकी तीच वेळ हवी असे. म्हणून एका सोमवारी फुआतिनोने रोजच्यासारखं आईच्या हातांना खोबरेल चोळलं, फोन खांबाला टेकवला आणि चालूच ठेवून डोळे मिटले. घरात उघडा डोळा तेवढा तो एकच.

आमेन झाल्यावर ऑकलंडहून मावसबहीण आकेनेसेचा फोन आला. "मावशी चालायला लागली, आणि तू बोलली नाहीस?"

"काहीतरीच काय! कूस बदलायलासुद्धा मी लागते तिला."

"मग चादरीपाशी पाठमोरी उभी होती ती कोण?"

फुआतिनोने चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिलं. तिला दिसली नुसती चादर, न हलणारी.

मंगळवारी ती पाठमोरी बाई मधल्या खांबाशी होती, म्हणे. बुधवारी फुआतिनोच्या मागे बसून तिचे केस विंचरत होती. बघणारे साठ हजार झाले.

"बंद कर ते," विली म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"आई चादरीआडच आहे ना? मग शपथ कुठे मोडली?" फुआतिनो म्हणाली. पण तिच्या केसांतला गुंता खरंच निघालेला होता.

गुरुवारी चादरीआडून आईने विचारलं, "किती जण आहेत गं दारात?"

"कुणी नाही, आई."

तरी शंख वाजला तेव्हा तिने फोन चालूच ठेवला. आमेनला डोळे उघडले, तर फोनचा पडदा काळा. काचेवर तेलाचा पंजा उमटलेला. ती चादरीकडे धावली. आई गेली होती. उजवा हात पुढे ताणलेला, बोटं पसरलेली.

लागीला रिवाजाप्रमाणे घरापुढेच पुरलं. फोटो कुणी काढला नाही. आकेनेसे मातीला आली, ती परत गेलीच नाही. प्रार्थनेत आजही तिचे डोळे मिटत नाहीत. ती सांगते, केस दिसले, शेवटी तळवा आला, चेहरा मात्र साठ हजारांत एकालाही दिसला नाही. विली सफरचंदांच्या बागांत कामाला न्यूझीलंडला गेला, तिकडेच राहिला. फुआतिनो त्याच घरात आहे. शंखाआधी ती छपराला गुंडाळलेली झावळ्यांची झापं चारी बाजूंनी खाली सोडते. फोन पत्र्याच्या डब्यात आहे. कधीमधी झाकण काढून ती काचेला बोट लावते.

तेल अजून ओलं आहे.