साठ सायकल

रबरी पट्टा तुटला म्हणून आलेलं टेपमशीन उत्तरेश्वरनं उलटं केलं, धूळ पुसली आणि पाठीवरची पाटी नीट वाचली. १२० व्होल्ट लिहिलेलं त्याला ठाऊक होतं. त्याखाली बारीक अक्षरात ६० सायकल असं होतं, ते आज पहिल्यांदा वाचलं.

"आन् म्या मोटारी भरतो म्हणं," तो स्वतःशीच म्हणाला.

तेलगावात तीस वर्षं पंपाच्या मोटारी भरणारा, जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळणारा माणूस हा. वीज सेकंदाला किती हेलकावे, म्हणजे सायकल, घेते त्यावर अशा मोटारीचा वेग ठरतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. आपल्याकडे पन्नास, अमेरिकेत साठ. पण गाण्याच्या यंत्राच्या पोटातही मोटारच असते, हे गड्याच्या डोक्यातच आलं नाही.

मशीन बंकटमामांचं. मामा मेंढपाळ. बिरोबाच्या जत्रेत त्यांच्या ओव्या ऐकायला पार माजलगावाहून माणसं यायची. फार पूर्वी एका अमेरिकन बाईंनी त्या टेप केल्या होत्या. बाई वारल्यावर त्यांच्या लेकीनं मशीन आणि टेप मामांना पाठवून दिली. दोन वर्षांपूर्वी उत्तरेश्वरनं त्यासाठी व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. त्याची घरघर गाण्यात उतरू नये म्हणून लोखंडी डब्यात घालून चार हात लांब ठेवला. घरघर खरंच नव्हती. पण मामांचा आवाज निघाला तो दमलेल्या रेड्यासारखा, जड आणि रेंगाळलेला. पोरं हसली. "म्हंजी लोकं मला इतकी वरसं नुसतं हरबऱ्याच्या झाडावर चढवीत व्हते," एवढंच मामा म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी गाणं सोडलं.

चूक कुणाला कळणार होती? गुपचूप दुरुस्त करून दिलं असतं तरी चाललं असतं. पण उत्तरेश्वरला चैन पडेना. त्यानं लेथवर मोटारीसाठी पाचाला सहा या हिशेबानं मोठी पुली करून घेतली, म्हणजे पन्नासावरही टेप पुऱ्या वेगानं फिरेल, नवा पट्टा चढवला आणि मशीन घेऊन मामांचं घर गाठलं.

"मामा, चूक माजी हाय," दारातच त्यानं सगळं सांगून टाकलं. "मशीन हळू फिरत व्हती. तुमचा आवाज तसला न्हाईच."

टेप लागली. आवाज सरळ वर चढला, तरणा आणि मोकळा. मामांच्या बायकोनं, साखराबाईंनी, हातातलं सूप खाली ठेवलं.

"ह्योच," त्या म्हणाल्या. "दोन वरसं सांगतेय, त्यो ह्यांचा आवाज न्हाई म्हणून. माजं कुणी ऐकलंय कवा?"

मामा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"यंदा जत्रेत म्हणा मामा," उत्तरेश्वर म्हणाला.

मामांनी कानावर हात ठेवून सूर लावला. वर जाता जाता तो फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला, आणि मग नुसता खोकला. सत्तरी उलटलेला गळा, त्यात दोन वर्षं बंद पडलेला. उत्तरेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माज्यामुळं गेला मामा."

"रडतो कामून रं," मामा म्हणाले. "व्हता आन् गेला, त्याचं काय न्हाई. कवा नव्हताच असं वाटत व्हतं, ते लई वाईट व्हतं."

मग त्यांनी साखराबाईंना जवळ बसवून घेतलं आणि टेप पहिल्यापासून लावायला सांगितली.