बत्तीसनंतर सत्तेचाळीस

लुबर्टने दवाखान्यातल्या खाटेवर शेवटचं जे काही लिहिलं, ते मी दुरुस्त केलं. चांगल्या बुद्धीने केलं, असं म्हणायची सोय आहे. पण चांगल्या बुद्धीनेच माणूस मोठमोठ्या चुका करतो, हे एकाहत्तराव्या वर्षी तरी मला कळायला हवं होतं.

आम्ही अ‍ॅमस्टेल्व्हेनची बुधवारची सायकलवाली मंडळी. अठराजण, सगळे पेन्शनीत. शहर तिथून हाकेच्या अंतरावर, पण आम्ही त्याच्याकडे पाठ करून निघतो, नदीच्या काठाने, पोल्डरांच्या, म्हणजे पाणी उपसून मिळवलेल्या जमिनींच्या, बांधांवरून. तीस-पस्तीस किलोमीटर, चढ औषधालासुद्धा नाही, मध्ये एकदा कॉफी. वाटेवरच्या प्रत्येक फाट्यावर नंबराचा खांब असतो. घरून निघताना नंबर क्रमाने कागदाच्या पट्टीवर लिहायचे, पट्टी हँडलला लावायची आणि खांब सांगतील तसं जायचं. नियम एकच, कागदाशी हुज्जत घालायची नाही.

या भागातले निम्मे खांब आमच्यातल्या लुबर्टने स्वतःच्या हाताने रोवलेले. दर वसंतात तो फडकं आणि पाना घेऊन निघायचा. एखादा बाण बोटभर फिरलेला दिसला तर त्याचं जेवण गोड लागत नसे.

मार्चअखेर डॉक्टरांनी हात टेकले. मी भेटायला गेलो तर त्याने उशीखालून पट्टी काढली. बारा नंबर, अक्षर मुंगीच्या पावलांसारखं.

"मला असं न्यायचं," तो म्हणाला. "ती लांब सायकल असते ना शवपेटीची, तिच्यावर. काळी मोटार आणलीत तर उठून बसेन."

"बस की. पायडल तूच मार," मी म्हटलं. तो हसला आणि हसता हसता त्याला खोकला लागला.

घरी येऊन मी पट्टी नीट पाहिली. बत्तीसनंतर सत्तेचाळीस लिहिलं होतं आणि अशी वाट आता नाहीच. एके काळी होती, त्याच्या आईवडिलांच्या शेतामागून जाणारी जुनी पायवाट. अकरा वर्षांपूर्वी नंबर लावायचे ठरले तेव्हा लुबर्टने त्या वाटेवर खांब रोवला. रविवारी, शेत सांभाळणारा त्याचा थोरला भाऊ आरेंड चर्चमध्ये असताना. आरेंड परत आला, त्याने खांब उपटला, पाण्याच्या चरात फेकला आणि वाटेवर फाटक घालून साखळी लावली.

"विचारलं असतंस तर मीच खड्डा खणून दिला असता," आरेंड म्हणाला होता.

"शंभर वर्षांच्या वहिवाटीला विचारायचं कसलं?" लुबर्ट म्हणाला होता.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एका खांबापायी अकरा वर्षं! दोघंही एकाच मुशीतले. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा.

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बिचारा जुने नंबर लिहून गेला. दोन वाजता दफनभूमीत वेळ ठरलेली, तिथे कुणी कुणासाठी थांबत नाही. बंद फाटकापाशी शवपेटी घेऊन उभं राहायचं आणि आरेंडच्या शिव्या खायच्या? मी नवी पट्टी केली, ठळक अक्षरात. बत्तीस आणि सत्तेचाळीस यांच्यामध्ये पस्तीस आणि छत्तीस घातले, म्हणजे मोठ्या रस्त्याने वळसा. वर प्लास्टिक चिकटवलं. लुबर्टची पट्टी खिशात ठेवली. त्याच्या बायकोला, आलिडाला, काही सांगितलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. गुरुवारी बारा वाजता निघालो. पुढे मी, माझ्यामागे लांब सायकल, ती चालवणारी बाई अबोल आणि पिंडऱ्यांनी दणकट, तिच्यामागे आलिडा, मग बाकीचे. वारा समोरून होता. कुरणांवर टिटव्या ओरडत होत्या. कुणी बोलत नव्हतं. फक्त मोटारी अडवायला वाटेत रोवलेला खुंटा आला की मी "खुंटा!" म्हणून ओरडायचो आणि ते मागे एकेकाच्या तोंडून शेवटपर्यंत जायचं. पुढच्याने सांगायचं, मागच्याने पोचवायचं, तशी रीतच आहे.

बत्तीसला मी मोठ्या रस्त्याकडे वळलो. किलोमीटरभर गेलो असू, तोच मागून आलिडाची हाक आली.

"योस्ट! थांब. आपण कुठे चाललोय?"

मी थांबलो. सगळे थांबले. ती सायकल ढकलत पुढे आली.

"तो म्हणाला होता, आईच्या पेअरच्या झाडाखालून नेतील मला. ते झाड मागे राहिलं. आपण तिकडे गेलोच नाही."

"ती वाट बंद आहे, आलिडा."

"मला माहीत नाही का बंद आहे ते? त्याने काय लिहिलं होतं?"

तिने माझ्या हँडलवरच्या पट्टीकडे पाहिलं.

"हे अक्षर त्याचं नाही."

मी खिशातून त्याची पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिने ती वाचली, दोनदा. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"इतकी वर्षं खांब पुसले रे त्याने," ती म्हणाली. "तो नंबर चुकेल?"

"फाटक बंदच असणार. आरेंडला फोन केला होतास ना?"

"चारदा. उचलला नाही. तरी जायचं. फाटकापाशी जाऊन थांबू आणि परत येऊ. पण जायचं."

मोठ्या रस्त्याकडेच्या अरुंद सायकलपट्टीवर लांब सायकल वळेना. शेवटी सहाजणांनी ती उचलून फिरवली. जन्मभर हलका म्हणून चिडवलेला लुबर्ट तेव्हा मला फार जड वाटला. वळवावळवीत आणि परत येण्यात वीस मिनिटं गेली. बत्तीसपासून आम्ही चराच्या कडेने, गवत माजलेल्या वाटेवर शिरलो. लांबून पेअरचं झाड दिसलं, पांढरंशुभ्र फुललेलं. त्याच्या अलीकडे फाटक होतं.

फाटकाला साखळी होती. पलीकडे काळ्या कोटातला एक म्हातारा पाठमोरा घराकडे चालला होता.

"आरेंड!" आलिडाने हाक मारली.

तो वळला. सावकाश परत आला. सायकलवरच्या पेटीकडे त्याने पाहिलं आणि टोपी काढली.

"उशीर केलात," तो म्हणाला. "अंत्ययात्रेच्या कार्डावर निघायची वेळ होती. मी हिशेब केला, पाऊण वाजता इथे. पाऊण वाजल्यापासून फाटक उघडून उभा होतो. एकाला पाच कमी असताना मोठ्या रस्त्यावर सायकली दिसल्या. मग लावली साखळी." त्याने साखळीवर हात ठेवला. "म्हटलं, आधी विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबतसुद्धा नाही."

"कोण विचारतो?" आलिडाने विचारलं.

त्याने कोटातून पाकीट काढलं. आत पट्टी होती. तेच बारा नंबर, तेच मुंगीच्या पावलांचं अक्षर. खाली एक ओळ: 'या वेळी विचारतोय.'

"मार्चमध्ये पोस्टाने आली," आरेंड म्हणाला. "मी लगेच जायला हवं होतं. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. तुझा फोन वाजला तेव्हा उशीर झालेला. तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं मला."

आलिडाने फाटकावरून हात घालून त्याचा हात धरला.

मी पुढे झालो. माझी लाज मलाच बोलून टाकायला हवी होती. "तो थांबला असता, आरेंड. वाट त्याने नाही बदलली. मी बदलली. मला वाटलं, तो चुकला."

आरेंडने माझ्या हँडलवरची प्लास्टिकची पट्टी बघितली. मग ती उपटून काढली, अकरा वर्षांपूर्वी खांब उपटला असेल तशीच, आणि स्वतःजवळची पट्टी माझ्या हँडलला लावली.

"ह्याने चल," तो म्हणाला. "आणि आता घाई कर, दोनची वेळ आहे."

त्याने साखळी काढली, फाटक सताड उघडलं आणि झाडाला टेकवलेली आपली सायकल घेऊन आलिडाशेजारी आला. मी पुढे निघालो. फाटक ओलांडलं आणि वाटेच्या कडेला, जुन्या खांबाच्या जागी, मला खड्डा दिसला. हातभर खोल, ताजा. ओल्या मातीचा ढीग शेजारी, फावडं अजून त्यात रोवलेलं.

पुढच्याने ओरडायचं असतं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"खड्डा!" मागून आरेंड ओरडला, आणि एकेकाच्या तोंडून तो शब्द शेवटपर्यंत गेला.