जुलेखाच्या नावाचा नवस

मित्रांनो, मी नेरूळ गावातल्या सुमित्राबाईंच्या ओट्यावरचा एक जुना झोपाळा आहे. साखळ्या नव्या आहेत, जुनी आहे ती माझी फळी. इथे खाडीकाठी भातशेती होती, तेव्हा भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला एक लाकडी दार असे. ते दार म्हणजे मी. शेते गेली, इमारती आल्या, आणि सुमित्राबाईंचे यजमान कमळाकर यांनी मला रंधा मारून इथे टांगले. पाणी अडवणाऱ्याला माणसे झुलवायचे काम मिळाले. मला ते आवडले, खोटे कशाला बोलू?

वरच्या मजल्यावर जुलेखा आणि तिचा नवरा इस्माईल भाड्याने राहतात. ती श्रीवर्धनकडची माणसे. इस्माईल जासईच्या यार्डात कंटेनरचा ट्रेलर चालवतो. दिवेलागणीला सुमित्राबाई देवापुढे दिवा लावून बाहेर येत, जुलेखा नमाज पढून खाली उतरे, आणि दोघी माझ्यावर बसत.

"काकी, तुमी देवीकडे रोज काय मागता?" जुलेखाने एकदा विचारले.

"मागते कसली, भांडते! बोलते, तुला चार हात हाईत, मना दोनच. जरा माज्या घरात पन बघ!"

जुलेखा पदरात तोंड लपवून हसली. "आमी पैले शुक्र करतो, अल्लाचे आभार मानतो. मागायचं ते मंग."

"आमच्या देवीचं मी शुक्र केलं तर तिला चक्कर येईल गो!"

असे त्यांचे चाले. कोणी कोणाला आपल्या देवाकडे ओढत नव्हते. त्या बोलण्याने मी सुखावत असे.

मग एके दिवशी यार्डात इस्माईल ट्रेलरवरून पडला. त्याची शुद्ध हरपली होती, दवाखान्यात ठेवले होते. त्या संध्याकाळी जुलेखा माझ्या टोकाशी अंग चोरून बसली आणि हळूच म्हणाली, "काकी, नमाजाला मुसल्ल्यावर बसते, पण दुवेला हातच उठत नाय. मागितलं आणि नाय भेटलं, तर मंग कुनाकडं जाऊ? कुनाला सांगू नका."

सुमित्राबाईंनी तिला पोटाशी धरले. पण त्यांना राहवले नाही. सकाळी त्या थेट गावदेवीच्या देवळात गेल्या आणि नवस बोलल्या: इस्माईल घरी येऊ दे, जुलेखाच्या हातानं तुझी ओटी भरीन.

"तिला इचारलंस का?" त्यांनी येऊन सांगितले तेव्हा कमळाकरांनी माझ्यावर बसूनच विचारले.

"चांगल्या कामाला काय इचारायचं?"

इस्माईल बरा झाला. गावदेवीच्या जत्रेला पालखी दारात आली, तेव्हा तो काठी टेकून माझ्यावरच बसला होता. जुलेखा दरवर्षीप्रमाणे पालखी बघायला उभी होती. सुमित्राबाईंना आनंदाचे भरते आले होते. त्यांनी खण-नारळ जुलेखाच्या हातात कोंबला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "भर गो वटी! नवऱ्यासाटी दुवा मागाया हिचा हात उटत नव्हता, म्हनून मीच हिच्या नावानं नवस बोलली. आमची देवी पावली!"

"पावली गो, पावली!" बायका म्हणाल्या.

इस्माईलने मान वर करून बायकोकडे पाहिले. त्याला हे आजच कळत होते. माझ्या साखळ्या कुरकुरल्या. भरतीचे पाणी अडवलेले माझे अंग, पण एक वाक्य काही अडवू शकले नाही.

जुलेखा पांढरीफटक पडली. "काकी," ती म्हणाली, "मी तुमच्याजवळ फक्त रडले होते. काय मागितलं नव्हतं." देवीचा मान राखून तिने खण-नारळ हळूच माझ्या फळीवर ठेवला आणि ती जिना चढून गेली.

सुमित्राबाई तिथेच उभ्या राहिल्या. धरणी पोटात घेईल तर बरे, असे त्यांना झाले. त्यांनी चांगले केले होते आणि मातीही केली होती. पालखी पुढे गेली तरी त्यांना मान वर करवेना. मलाही लाज वाटली.

नंतर माझी एक बाजू रिकामी राहू लागली. सुमित्राबाई एकट्या बसत, त्यामुळे मी तिरका झुलत असे. अखेर त्यांनी स्वतः देवळात जाऊन ओटी भरली आणि जिना चढल्या. दार उघडे होते. खालपर्यंत ऐकू आले.

"देवीला सांगून आली मी. बोलली, दुसरीचा हात मी न इचारता कबूल केला, चुकली. ती काय बोलली नाय. तू तरी बोल गो."

मग जुलेखा म्हणाली, "येते उद्या बसायला."

ती आली. येते अजून. दोघी बोंबलांच्या भावाबद्दल बोलतात, नळाला पाणी किती वाजता येईल ते बोलतात. देवीचे नाव निघत नाही, दुवेचे तर नाहीच.

मित्रांनो, माझ्या कड्यांना तेल घाला असे मी सांगणार होतो, पण ते राहू द्या. कोणी तुमच्या शेजारी बसून आपल्या देवाविषयीची भीती सांगितली, तर ती ऐका आणि तिथेच ठेवा. तिला उत्तर शोधायला धावू नका.

काल जुलेखा बोलता बोलता म्हणाली, "काकी, सकाळी नमाज पढताना..." आणि गप्प झाली. सुमित्राबाईंनी जमिनीला पाय टेकून मला थांबवले, कुरकुरसुद्धा होऊ दिली नाही. काय गो, असे त्यांनी विचारले नाही. रस्त्यावरचे दिवे लागले, डास आले, तरी त्या तशाच पाय टेकून बसून राहिल्या.