बानाबाईच्या अर्ध्या ओळी

बानाबाईच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तशी ती तडक आमच्या पडेगावच्या स्टुडिओत आली. "इलियासबाबा, जीभ कापणार हायेत. तोंडात हाय तवर गाणी काढून घे." जन्मभर मिश्री लावली, त्याचं हे फळ. ती हसत होती. मला मात्र राग आला, आणि तो कोणावर काढावा तेही कळेना.

ती धनगरी ओव्या गायची. पुष्कळशा तिनंच रचलेल्या: मेंढरांच्या, धरणाखाली गेलेल्या कुरणांच्या, मेलेल्या नवऱ्याच्या. त्यांना गिटार-ड्रमची जोड देऊन आम्ही अल्बम करत होतो. गिटारवर माझी बहीण सगीरा. ती कडाडून वाजवायला लागली की बानाबाई म्हणायची, "वाजव पोरी, ह्या गिटारीत लई वारं भरलंय!"

अडचण होती तिच्या धाकट्या भावाची, मुंजाबाची. लहानपणापासून तिच्यामागं झील धरायचा तोच. "देवाम्होरं ढोल लागतो, हे विजेचं खूळ नाय," म्हणून तो रुसून गावी बसला. मी समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी तिचा एकटीचाच आवाज रेकॉर्ड केला. ओळ संपता संपता ती थांबायची. "मावशी, दम लागला का?" मी विचारलं, तर म्हणाली, "नाय रं, चालू दे." दुखत असणार, पण सांगत नाही, असं मी धरून चाललो.

ऑपरेशनमध्ये जीभ गेली, अर्धा जबडाही गेला.

नंतर मिक्सिंग करताना सगीरानं हेडफोन काढले. "भाई, ही दमलेली नाही. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द हिनं गायलेलाच नाही."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धनगरी ओवीत ओळ एकानं उचलायची आणि तिचा शेवट झीलकऱ्यानं करायचा. मुंजाबा समोर नसला तरी बानाबाईनं त्याची जागा सोडली होती. आयुष्यभराची सवय.

मी थेट पैठणकडे त्याच्या गावी गेलो. "तुमच्या रुसव्यापायी बहिणीची गाणी लुळी पडलीत," असं तोंडावर सुनावलं. त्यानं पटका बांधला आणि माझ्या मोटरसायकलवर मागं बसला.

स्टुडिओत हेडफोन लावून त्यानं पहिली ओवी ऐकली आणि ढसाढसा रडला. "अक्का माझ्यासाठी थांबलीया!" मग एकेक गाणं पुरं करत गेला. शेवटच्या गाण्यावर मात्र अडला. ते तिनं दुखण्यात रचलेलं, तो रुसून बसला होता तेव्हाचं. त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

'माझ्यामागं रानामंदी उरंल नुसती...' आणि पुढं काही नाही.

आम्ही दोघं हॉस्पिटलात बानाबाईकडे गेलो. नाकात नळी, तोंडाला पट्ट्या. मी मोबाइलवर ओळ लावली.

"अक्का, काय उरंल? धूळ?" मुंजाबानं विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

"सावली? वाट?"

नाही. ती बोलायला गेली. घशातून नुसता घोगरा आवाज निघाला, लाळ गळली, ती तिनं पदरानं पुसली. मी तिच्या हातात पेन दिलं. तिनं ते बाजूला सारलं; अक्षर कधी गिरवलंच नव्हतं. मुंजाबा रडत रडत आठवतील ते शब्द विचारत राहिला, ती मान हलवत राहिली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"हाक?" त्यानं विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं होकार दिला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

परतताना छावणीच्या रस्त्यावर तो मागून म्हणाला, "इलियासभाई, त्यो शबुद नव्हता ना?"

"नव्हता."

"मग अक्का व्हय का म्हणली?"

"तुम्ही रडत होता म्हणून."

पडेगावला स्टुडिओत पोचल्यावर तो माईकसमोर उभा राहिला आणि 'हाक' गायला. चुकीचा होता, पण तिनं दिलेला तेवढा एकच शब्द त्याच्याकडे होता.